सोसायटीच्या मेलवर अलर्टचा पूर

बी-४०२ (खजिनदार): सेक्रेटरी साहेब, ऑडिटरचा मागच्या आठवड्याचा मेल मला आज सापडला, कारण सोसायटीच्या मेलवर कोणीतरी गूगल अलर्ट (दिलेल्या शब्दाची बातमी आली की मेल येतो ते) लावलेत आणि दिवसभर धबाधब येऊन पडतायत, म्हाडाची लॉटरी, ठाण्यातले थ्री बीएचके, कुठल्या हिरॉइनने पाली हिलला फ्लॅट घेतला. ३१ जुलैच्या आत ऑडिट उरकायचंय, लक्षात असू द्या.

सी-१०१ (अण्णा): कोणीतरी म्हणजे मी. नाव घ्या ना सरळ. रिडेव्हलपमेंटचे नियम बदलले की कळायला पाहिजेत असं जनरल बॉडीच्या मीटिंगमध्येच ठरलं होतं.

ए-३०४ (नाना): डीम्ड कन्व्हेयन्सचं, म्हणजे बिल्डरशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायचं, काय झालं?

ए-२०३: कोणती हिरॉइन? 😄

सी-३०३: अण्णा, राग नका मानू पण नुसतं रिडेव्हलपमेंट टाकलं तर सगळा कचरा येणारच. सहकार कायद्याचं कलम "७९अ" (रिडेव्हलपमेंटच्या गाइडलाइन्स त्याखालीच येतात) अवतरणचिन्हात टाका, सोबत हाउसिंग सोसायटी, आणि लॉटरी शब्दाला चिकटून आधी वजाचं चिन्ह, म्हणजे लॉटरीवाल्या बातम्या गळतील. वारंवारता आठवड्यातून एकदा. मग जीमेलमध्ये फिल्टर लावा, अलर्ट इनबॉक्समध्ये न येता वेगळ्या लेबलखाली जातील.

सी-१०१ (अण्णा): आणि मधेच काही निघालं तर? जबाबदार कोण, तू?

सी-३०३: ७९अ च्या गाइडलाइन्स २००९ ला आल्या, सुधारित आल्या २०१९ ला. तासातासाला नाही बदलत ओ.

बी-३०१: *महत्त्वाचे!! सर्व सोसायट्यांच्या मेंटेनन्सवर १८% जीएसटी!! सर्वांना पाठवा*

बी-१०२ (वकील ताई): भाऊ हे फिरवू नका. मेंटेनन्स महिना ७५०० च्या वर आणि सोसायटीची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर असेल तरच. आपला ३२०० आहे, तोही काही जण भरत नाहीत.

बी-३०१: टोमणा कळला. मी फक्त माहितीसाठी टाकलं.

ए-३०४ (नाना): परत विचारतो. डीम्ड कन्व्हेयन्सचं काय झालं? जमीन अजून बिल्डरच्या नावावर आणि तुम्ही अलर्ट लावताय.

सेक्रेटरी: नाना, त्यावर मीटिंग झाली, आपण आला नव्हतात.

ए-३०४ (नाना): मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं.

ए-२०१: नाना काळजी घ्या 🙏 ए विंगला पाणी बारीक येतंय का कोणाकडे?

बी-१०२ (वकील ताई): मुद्द्याचं बोलू? अलर्टमध्ये पेपरची बातमी येते, जीआर म्हणजे मूळ शासन निर्णय येईलच असं नाही. जीआर शासनाच्या साइटवर विभागवार असतात. ७९अ, ऑडिट हे सहकारचं, डीसीपीआर २०३४ (मुंबईचे बांधकामाचे नियम) मधले बदल नगर विकासचं. आपली बिल्डिंग म्हाडाची नाही, तेव्हा दोनच विभाग दर शनिवारी एकाने बघायचे, काही असेल तर दोन ओळी इथे. बाकीच्यांनी फॉरवर्ड बंद.

बी-४०२ (खजिनदार): ताईंना अनुमोदन. आणि अलर्ट सोसायटीच्या मेलवर नकोत, बघणाऱ्याच्या मेलवर लावा.

सी-१०१ (अण्णा): म्हणजे माझ्या. चालेल. शनिवारचं मीच बघतो, नंतर कोणी म्हणू नका अण्णा मधे मधे करतात.

सेक्रेटरी: धन्यवाद अण्णा 🙏 सोसायटीच्या मेलवरचे अलर्ट आज बंद करा. पासवर्ड माझ्याकडून घ्या, ग्रुपवर नको.

ए-२०३: ग्रुपवर आहे की, गणपतीच्या वर्गणीच्या यादीखाली.

सेक्रेटरी: कोणी टाकला???

बी-३०१: मी नाही.