हप्त्यावरची खरेदी: मागणी वाढते की केवळ आधी होते?

प्रश्न – उपकरण विक्रेता, राजारामपुरी

आमचे घरगुती उपकरणांचे दुकान आहे. पूर्वी दसरा-दिवाळीला लोक रोखीने किंवा ओळखीवर उधारीने खरेदी करत. आता फ्रीज, वॉशिंग मशीन, मोबाईल यांची बरीचशी विक्री वित्त कंपन्यांच्या हप्त्यांवर होते. विक्री वाढली हे खरे, परंतु ज्याने यंदा हप्त्यावर टीव्ही नेला तो पुढे वर्षभर हप्तेच फेडत राहतो आणि दुकानाची पायरी चढत नाही. मग अशा कर्जातून अर्थव्यवस्थेत खरोखर नवी मागणी निर्माण होते, की उद्याचीच मागणी आज ओढून घेतली जाते? कृपया जाणकारांनी सविस्तर लिहावे.

उत्तर – निवृत्त बँक अधिकारी, ताराबाई पार्क

आपली शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर एका ग्राहकाकडे पाहून मिळणार नाही. एका घराचे हप्ते संपत असताना दुसऱ्या घराचे सुरू होतात. त्यामुळे नवे कर्ज फेडीपेक्षा अधिक असेल तोवर बाजारात मागणीची भर पडत राहते आणि हे प्रमाण उलटले की जे आपल्या दुकानात जाणवते ते सगळ्या बाजारात जाणवू लागते. आपल्या देशाच्या सकल उत्पादनात खासगी उपभोगाचा वाटा सुमारे ६० टक्के असल्याने हा चढउतार किरकोळ मानता येत नाही.

मोठ्या प्रमाणावरील उत्पादन आणि ग्राहककर्ज यांची वाढ बरोबरीनेच झाली आहे. जनरल मोटर्सने १९१९ मध्ये स्वतःची कर्जपुरवठा कंपनी काढली ती विक्रेत्यांना माल भरता यावा आणि ग्राहकांना गाडी हप्त्याने घेता यावी म्हणूनच. धोकाही तिथेच आहे, कारण तारणाशिवाय दिलेले कर्ज थकले तर वसूल करणे कठीण जाते. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये विनातारण ग्राहककर्जावरील जोखीमभार १०० वरून १२५ टक्के केला, म्हणजे तेवढ्याच कर्जासाठी बँकेला अधिक भांडवल राखावे लागू लागले. घर, वाहन, शिक्षण आणि सोनेतारण कर्जे मात्र त्यातून वगळली. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

उत्तर – शेतकरी, करवीर तालुका

वरील विवेचन पटले, पण एक गोष्ट राहून गेली. कर्ज पेलते की नाही, हे उत्पन्न कधी हातात येते यावरही ठरते. आमच्याकडे दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येते. उसाचे बिल ऊस कारखान्याला पोचल्यापासून १४ दिवसांत द्यावे असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम असला, तरी ते येते हंगामातच. वित्त कंपनीचा हप्ता मात्र दरमहा ठरल्या तारखेला खात्यातून वळता होतो, आणि त्या दिवशी शिल्लक नसेल तर दंड बसतो व सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून ठरणारा, गुणांकही खाली येतो. गावातल्या पतसंस्थेला निदान आमचे हंगाम ठाऊक असतात. माझ्या मते पगारदारासाठी आखलेले कर्ज शेतकऱ्याला जसेच्या तसे देणे हीच मुळातली चूक आहे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. ग्राहक मला नेहमी विचारतात की १२ टक्के ‘फ्लॅट’ दर म्हणजे नेमका किती?

निवृत्त बँक अधिकारी

६०,००० रुपये वर्षभरासाठी १२ टक्के फ्लॅट दराने घेतल्यास व्याज ७,२०० रुपये आणि मासिक हप्ता ५,६०० रुपये होतो. मुद्दल दरमहा घटत असूनही व्याज मात्र पूर्ण रकमेवर धरलेले असते. म्हणून घटत्या शिलकीवर मोजल्यास खरा वार्षिक दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. प्रक्रिया शुल्क लावले तर तो आणखी चढतो. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देताना सर्व खर्च धरून काढलेला वार्षिक दर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’मध्ये, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींच्या पत्रकात, दाखवणे बंधनकारक आहे. सही करण्यापूर्वी ग्राहकाला तो आकडा आपण स्वतः वाचून दाखवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.