पीडी-एल१ चा कट-ऑफ मीडियनवर घ्यावा का? (१८० रुग्ण, १०० मृत्यू)

खारघर_डेटा
फुफ्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज, जुन्या फायलींतून काढलेला डेटा. प्रबंधासाठी, केमोच्या तुलनेत इम्युनोथेरपीचा (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध) फायदा कोणाला होतो ते बघायचंय. पीडी-एल१ (किती टक्के कॅन्सर पेशींवर हे प्रथिन दिसतं तो मार्कर) चा मीडियन, म्हणजे मधला आकडा, ५ टक्के आहे, पण १२ वर कापून कमी-जास्त असे दोन गट केले की पी-व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०३ येते. कुठला आकडा धरू? शिवाय दोन्ही उपचारांचे कर्व्ह (किती रुग्ण अजून जिवंत, ते दाखवणारे) तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एकमेकांना छेदतात. वेळ निदानाच्या तारखेपासून मोजलाय.

नेरूळ_स्टॅट
दोन्ही नकोत. सगळे कट-ऑफ चाळून सर्वात छान दिसणारा उचलला, की नसलेला फरक "सापडण्याची" ५ टक्क्यांची चूक ४० टक्क्यांच्या घरात जाऊ शकते. मीडियन तर फक्त तुमच्या फायलींचा. पनवेलच्या रुग्णांवर काढाल तर वेगळा येईल.

हिस्टोग्राम काढून बघा. ०, १, ५, १०, ५०, ८० वर ढीग दिसतील, कारण पॅथॉलॉजिस्ट नजरेने अंदाज घेतात. १२ सहसा कोणी लिहीतच नाही, म्हणजे तुमचा कट-ऑफ खरं तर १० आणि १५ च्या मधला आहे. पीडी-एल१ गट न पाडता सलगच ठेवा, कॉक्स मॉडेलमध्ये (मृत्यूचा धोका मोजणारं मॉडेल) ३ नॉट्सचा, म्हणजे तीन सांध्यांचा, स्प्लाइन (लवचिक वक्र) घाला. एक अडचण येईल: नॉट्स १०, ५० आणि ९० व्या पर्सेंटाइलवर बसतात आणि शून्यं जास्त असली की पहिला नॉट शून्यावरच जातो. आधी १ मिळवून लॉग घ्या, नॉट्स हाताने ठेवा. डॉक्टरांना दाखवताना १ आणि ५० टक्के वापरा, ते त्यांच्या ओळखीचे आहेत.

पाम_बीच
त्याआधीचा प्रश्न: "फायदा कोणाला" म्हणजे उपचार गुणिले मार्कर. फक्त वरच्या गटात पी-व्हॅल्यू लहान आली म्हणून ते सिद्ध होत नाही, इंटरॅक्शन, म्हणजे मार्करनुसार उपचाराचा परिणाम बदलतो का, ते तपासावं लागतं. १०० मृत्यू आणि सगळीकडे निम्मे-निम्मे गट धरले, तर उपचाराच्या लॉग हॅझार्ड रेशोची (दोन गटांतल्या धोक्याचं गुणोत्तर) स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता, २ भागिले √१०० = ०.२. इंटरॅक्शनची ४ भागिले √१०० = ०.४. ८० टक्के पॉवर (खरा फरक पकडण्याची शक्यता) हवी तर २.८ × ०.४ = १.१२, म्हणजे दोन गटांतले हॅझार्ड रेशो एकमेकांच्या तिप्पट हवेत. इतका फरक क्वचितच सापडतो. प्रबंधात हे पुढच्या अभ्यासासाठीचा प्राथमिक शोध म्हणून लिहा, निष्कर्ष म्हणून नको.

कर्व्ह छेदण्याबद्दल २००९ चा आयपास अभ्यास बघा. जेफिटिनिब (ईजीएफआर जनुकातल्या बदलावर काम करणारी गोळी) आणि केमोचे कर्व्ह तिथेही छेदले होते. ईजीएफआर म्युटेशन असलेल्यांत हॅझार्ड रेशो ०.४८, नसलेल्यांत २.८५, आणि एकत्र ०.७४. दोन वेगळे रुग्णगट एकाच कर्व्हमध्ये कालवले होते. तुमच्या १८० मध्ये ईजीएफआर आणि एएलके (असंच दुसरं जनुक) पॉझिटिव्ह आहेत का? असतील तर वेगळे काढा. इम्युनोथेरपीचा परिणाम उशिरा दिसतो, तेही कारण असू शकतं. अशा वेळी एकच हॅझार्ड रेशो छापू नका. १२ किंवा १८ महिन्यांपर्यंतचं सरासरी आयुष्य मोजा, मुदत मात्र कर्व्ह बघण्याआधी ठरवा (आता ती वेळ गेलीच म्हणा).

घणसोली_९
वेळेची सुरुवातच चुकली आहे, आणि बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. निदान १ मार्चला, इम्युनोथेरपीचा पहिला डोस २० मे रोजी, तर मधले ८० दिवस तो रुग्ण मरूच शकत नव्हता; मेला असता तर केमोच्या गटात मोजला गेला असता. ते ८० दिवस औषधाच्या खात्यात फुकट जमा होतात. प्रत्येक रुग्णाच्या दोन ओळी करा: १ मार्च ते २० मे "नाही", पुढे "हो" (इम्युनोथेरपी चालू आहे का). पीडी-एल१ चा रिपोर्ट उशिरा आला असेल तर रुग्ण रिपोर्टच्या तारखेलाच अभ्यासात येतो, म्हणजे त्याची मोजणी तिथून सुरू करा (डिलेड एन्ट्री).

खारघर_डेटा
दोन ओळी करते. ३१ जण फॉलो-अपला आलेच नाहीत, ते शेवटच्या भेटीला सेन्सॉर केलेत (जिवंत धरून मोजणी तिथेच थांबवली). चालेल?

घणसोली_९
नाही चालणार. तब्येत ढासळली की माणसं गावी जातात आणि तिथेच दगावतात. फाइल मात्र त्यांना जिवंत सोडते. फोन करा, ग्रामपंचायत किंवा महापालिकेकडची मृत्यूची तारीख मागवा. सर्वांसाठी एकच अंतिम तारीख ठेवा. उरतील त्यांना एकदा सेन्सॉरच्या दिवशीच मृत धरून मॉडेल चालवा आणि उत्तर किती हलतं ते बघा. आणि ईसीओजी स्कोअरसोबत (रुग्ण किती हिंडता-फिरता आहे त्याचा आकडा) एक रकाना वाढवा: औषधाचे पैसे कोणी भरले, विमा, योजना की खिशातून. औषध कोणाला मिळालं हे त्यावरही ठरतं.