मदत हवी आहे: उभे राहताच वडिलांचा रक्तदाब उतरतो

खानापूरकर: वडील पहाटे म्हशीची धार काढायला उठले की दोन-तीन मिनिटांत त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, परवा ते गोठ्याच्या उंबऱ्याशी कोसळले आणि कपाळाला चार टाके पडले. बेळगावच्या डॉक्टरांनी खुर्चीवर बसवून रक्तदाब पाहिला, तो १५० भरला, म्हणून गोळी वाढवून दिली. ती द्यावी की नाही, हे कृपया आजच सांगा. पुढे मेंदूवर किंवा हृदयावर याचा परिणाम होतो का?

निवृत्त परिचारिका: वय, मधुमेह आणि चालू औषधे यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही. त्यांना पाच मिनिटे आडवे निजवून, आणि मग उभे केल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला, रक्तदाब व नाडी दोन्ही मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर ती घसरण दखल घेण्याजोगी असते.

निपाणीकर: माझ्या आईला हाच त्रास होता. रोज सकाळी मीठ घातलेली तांब्याभर आंबील दिली आणि आठवड्यात फरक पडला. गोळ्यांच्या मागे लागू नका.

निवृत्त परिचारिका: आपल्या आईंचा रक्तदाब मुळात कमी असेल. इथे बसलेला आकडाच १५० असताना मीठ वाढवा म्हणणे मला मान्य नाही.

निपाणीकर: अनुभव खोटा कसा म्हणता?

चिकोडीकर: यंत्र घेणार असाल तर मनगटाचे नको, दंडाचेच घ्या.

खानापूरकर: यंत्र घरी आहे. वय ७२, मधुमेह सोळा वर्षांचा. दोन महिन्यांपूर्वी लघवीच्या त्रासासाठी टॅमसुलोसिन सुरू झाली, आणि चक्कर तेव्हापासूनचीच, हे लिहिताना ध्यानात आले. आडवे असताना १५६/८४, नाडी ७२. तिसऱ्या मिनिटाला ११८/७०, नाडी ७६.

निवृत्त परिचारिका: उभे राहताच अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांत व पोटात उतरते, तेव्हा निरोगी माणसाचे मज्जातंतू रक्तवाहिन्या आवळतात आणि नाडी दहा-वीस ठोक्यांनी वाढवतात. इथे रक्तदाब ३८ ने उतरूनही नाडी चारनेच वाढली, म्हणजे मधुमेहाने ते मज्जातंतू दुबळे झाल्याची शंका येते, आणि टॅमसुलोसिन रक्तवाहिन्या सैल करते ते वेगळेच. अशा रुग्णांत पुढे पक्षाघात, हृदय दुबळे होणे आणि स्मृतिभ्रंश अधिक आढळतात; मात्र त्याला मूळचा मधुमेहही कारण असू शकतो, आणि आजचा खरा धोका पडण्याचा आहे. वाढीव गोळी देण्याआधी हे आकडे डॉक्टरांना आजच फोनवर कळवा, पण आपल्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नका. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन नसेल, तर उठण्यापूर्वी दोन पेले पाणी द्या आणि थोडा वेळ पाय सोडून खाटेवर बसवा.

खानापूरकर: फोन झाला. वाढीव गोळी थांबवायला सांगितली आहे आणि उद्या दोन्ही गोळ्यांची पाकिटे घेऊन बोलावले आहे. तोवर धार मी काढतो.