फर्नेस ऑइलमध्ये डिझेल ओतलं, आता गाळणीत काळं श्रीखंड निघतंय

प्यूरीवाला_पिंपळगाव
नमस्कार मंडळी. पिंपळगाव बसवंतला आमचं टोमॅटो प्यूरीचं छोटं युनिट आहे. दोन टनाचा (तासाला दोन टन वाफ देणारा) बॉयलर, फर्नेस ऑइलवर म्हणजे जाड, काळ्या जळणतेलावर चालतो. गेल्या सोमवारी ऑइल हीटरची कॉइल जळाली. नवी यायला चार दिवस, आणि इकडे शेडमध्ये नऊ टन टोमॅटो उतरलेला. टोमॅटो कोणासाठी थांबतो?

मग मी डोकं चालवलं. तेल जाड म्हणून गरम करायचं, तर तेच पातळ करून टाकू. सर्व्हिस टाकीत अंदाजे ११०० लिटर फर्नेस ऑइल होतं, त्यात पंपावरचं दोन बॅरल डिझेल ओतलं. आमचा बॉयलरवाला म्हणत होता, "शेठ, नका करू." का नको ते त्यालाही सांगता येईना, म्हणून मी ऐकलं नाही.

पहिले दोन तास झकास चाललं. नंतर प्रेशर पडायला लागलं. गाळणी उघडली तर जाळीवर काळं, श्रीखंडासारखं काहीतरी बसलेलं. पुसलं, परत दीड तासात तेच. नोझल थेंब थेंब गळतंय, चिमणीतून काळा धूर, शेजारच्या द्राक्षबागेवाल्याचा फोन येऊन गेला. सकाळी इथे ९-१० अंश असतं, त्या थंडीने झालं का? की डिझेलमध्येच भेसळ होती? पंपावर जाऊन भांडू का?

निफाडचा_ट्रॅक्टर
थंडीच आहे दादा. आमच्याकडे पारा अजून खाली जातो. डिझेलमध्ये मेण असतं, गारठ्यात त्याचे कण होतात आणि फिल्टर बसतो. उन्हाळी डिझेलचा पोअर पॉइंट (ज्याच्या खाली तेल वाहायचं थांबतं ते तापमान) १५ अंशांपर्यंत चालतो, हिवाळ्याच्या डिझेलला ३ अंशांची मर्यादा आहे. जुनं, उन्हाळ्यात भरलेलं डिझेल बॅरलमध्ये पडून असेल तर हमखास होतं. आमचा ट्रॅक्टर मागच्या जानेवारीत असाच रुसला होता. टाकीवर गरम पाण्याचं पोतं टाकलं, अर्ध्या तासात सुरू.

निवृत्त_बॉयलरवाला
ट्रॅक्टरचं बरोबर आहे, पण ही गोष्ट वेगळी. मी सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत मिळून एकतीस वर्षं बॉयलर चालवले. हे श्रीखंड मी स्वतःच्या हाताने खरवडलंय, आणि माझ्याही शेठने तेव्हा पंपवाल्यालाच शिव्या घातल्या होत्या. पंपवाल्याचा काही दोष नाही.

आधी खात्री करून घ्या. गाळणीतला चमचाभर गाळ काचेच्या बाटलीत घ्या आणि ती बाटली साधारण ६० अंशांच्या पाण्यात ठेवा. गॅसवर नाही, लायटरजवळ नाही, नुसतं गरम पाणी. मेण असेल तर वितळून तेलात मिसळेल. तसाच चिकट गोळा राहिला तर ते अ‍ॅस्फाल्टीन आहे. रस्त्याच्या डांबराच्या भावकीतलं. आणखी एक करा: थोडा गाळ रंगाच्या दुकानातल्या झायलीनमध्ये (थिनरसारखं द्रावक) टाका, थोडा डिझेलमध्ये. झायलीनमध्ये विरघळला आणि डिझेलमध्ये तसाच बसून राहिला, म्हणजे गुन्हेगार सापडला.

फर्नेस ऑइल म्हणजे रिफायनरीत पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून झाल्यावर तळाला उरलेला ऐवज, त्यात पंपाने ढकलता यावं इतपत पातळ तेल मिसळलेलं. यातले अ‍ॅस्फाल्टीनचे कण खरं तर विरघळलेले नसतातच, तरंगत असतात. त्यांच्याभोवती रेझिनचं वेष्टन असतं आणि आजूबाजूचं तेल अ‍ॅरोमॅटिक जातीचं (कड्यांच्या रेणूंचं, झायलीनसारखं) असतं, म्हणून ते गुमान राहतात. तुम्ही त्यात डिझेल ओतलं. डिझेलचा बराचसा भाग पॅराफिन जातीचा (साखळीच्या रेणूंचा, मेणासारखा). त्याने वेष्टन सुटलं, कण एकमेकांना चिकटले आणि खाली बसले. दूध नासतं तसं. दूध पातळ करायला पाणी चालतं, ताक नाही चालत.

आता मुख्य धोका ऐका. नवी कॉइल आली की सवयीने थर्मोस्टॅट १०५ वर लावाल. लावू नका. निव्वळ फर्नेस ऑइल ५० अंशांना १८० सेंटिस्टोकपर्यंत (जाडपणा मोजायचं एकक) जाड असतं, बर्नरला साधारण १५-२० लागतं, म्हणून १००-११० पर्यंत तापवतो. तुमच्या टाकीतलं आता फर्नेस ऑइल राहिलेलं नाही. फर्नेस ऑइलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेट घेते ते) ६६ अंशांच्या वर असतो, डिझेलला ३५ सुद्धा चालतो. ते मिश्रण १०५ ला नेलंत तर हलका भाग लाइनमध्येच वाफ धरेल, पंप हवा ओढल्यासारखा खडखडेल आणि ज्योत भडके मारेल. एखाद्या दिवशी मोठा भडका उडाला तर पुढचं दार उडतं. मी उडालेलं पाहिलंय.

टाकी रिकामी करा. दुसरा इलाज नाही.

प्यूरीवाला_पिंपळगाव
काका, दोन्ही चाचण्या केल्या. गरम पाण्यात गोळा जसाच्या तसा. झायलीनमध्ये पाच मिनिटांत चहासारखा रंग सुटला, डिझेलमध्ये ढिम्म. डिझेलची जवळपास पस्तीस-चाळीस हजारांची फोडणी दिली म्हणायची. बॉयलरवाल्याला दाखवलं. तो काही बोलला नाही, नुसता हसला. ते जास्त लागलं.

एक विचारायचं राहिलं. चिमणीच्या खालच्या तुकड्यावर हिरवट-पिवळी राख बसते आणि पत्रा दोन वर्षांत चाळणी होतो. त्याचाही याच्याशी संबंध आहे का? आणि एलडीओवर (लाइट डिझेल ऑइल) गेलो तर हे सगळं सुटेल का?

केमिस्ट्रीची_बाई
कॉलेजात शिकवते, बॉयलर कधी चालवला नाही, तेव्हा काका चूक काढतीलच.

हिरवट-पिवळेपणा बहुतेक व्हॅनेडियमचा. कच्च्या तेलात व्हॅनेडियम आणि निकेल सेंद्रिय रेणूंच्या मधोमध अडकून बसलेले असतात, हिरवळीत मॅग्नेशियम असतं तसेच. ऊर्ध्वपातनात ते वर जात नाहीत, तळाच्या तेलातच साठतात. तुमच्या पत्र्याला मात्र गंधक खातंय. आपण हिशोबच मांडू. समजा दिवसाला १००० लिटर तेल, म्हणजे साधारण ९५० किलो. त्यात ३.५ टक्के गंधक धरलं तर ३३ किलो. जळून त्याचा ६६ किलो सल्फर डायऑक्साइड होतो. त्यातला थोडासा, टक्का ते पाच टक्के, पुढे ट्रायऑक्साइड होतो, आणि तुमचं व्हॅनेडियम त्या कामात उत्प्रेरक म्हणून हातभार लावतं. तीन टक्के धरा, तो धुरातल्या पाण्याच्या वाफेशी मिळतो: रोजचं जवळजवळ तीन किलो गंधकाम्ल वाफेच्या रूपात चिमणीत. धूर गरम आहे तोवर ते निघून जातं. पत्रा साधारण १३०-१४० अंशांच्या खाली गेला की त्याचं दव पडतं. तुम्ही रोज संध्याकाळी बंद करून सकाळी पेटवता ना? रोज दोनदा दव.

मिसळण्याआधी करायची एक सोपी गोष्ट: दोन्ही तेलं ठरलेल्या प्रमाणात कोमट करून ढवळा, एक थेंब गाळणकागदावर टाका आणि वाळू द्या. एकसारखा तपकिरी डाग पडला तर ठीक. मधोमध काळा ठिपका किंवा कडं उमटलं तर ते मिश्रण टाकीत जाता कामा नये. पाच रुपयांचा कागद.

निवृत्त_बॉयलरवाला
बाईंचा हिशोब चोख आहे. चूक काढायला जागा नाही, एक पुरवणी जोडतो. व्हॅनेडियमची राख वितळून लोखंड खाते ती सहाशे-साडेसहाशे अंशांच्या आसपास. ते मोठ्या पॉवर हाउसच्या सुपरहीटरचं दुखणं. तुमच्या छोट्या बॉयलरच्या नळ्या पाण्याने थंड राहतात, तेव्हा तिची चिंता सोडा. चिमणीला खालून उष्णतारोधक लोकर आणि पत्र्याचं जाकीट घाला, धूर १८० च्या खाली येऊ देऊ नका.

एलडीओ चांगलं. गंधक कमी, हीटर बहुतेक लागत नाही, जाळी तुंबत नाही. भाव मात्र बघा. आणि गेलात तर टाकी आणि लाइन आधी धुऊन. "थोडं राहू दे खाली" म्हणून वर एलडीओ भराल तर हेच श्रीखंड पुन्हा.

सिन्नर_ब्रिकेट
सोडा ते तेल, ब्रिकेटवर (दाबलेल्या भुशाच्या कांड्या) या. आम्ही आलो.

निवृत्त_बॉयलरवाला
ब्रिकेटला दुसरा बॉयलर लागतो हो. बर्नरच्या तोंडात भुसा कोंबायचा का?

प्यूरीवाला_पिंपळगाव
अपडेट देतो. टाकी उपसली, तळ खरवडला, लाइन धुतली. तळाशी बोटभर पाणीही निघालं, ते कधीपासून होतं देव जाणे. नवी कॉइल, नवं तेल, १०५ अंश. काल सलग सहा तास चालवला, गाळणी स्वच्छ. धूर नाही, द्राक्षवाला गप्प. नऊ टनांतला अडीच टन टोमॅटो मात्र उकिरड्यावर गेला.

गाळाचे दोन ड्रम शेडमागे झाकून ठेवलेत. एक भंगारवाला फुकट न्यायला तयार आहे. देऊ का?

निवृत्त_बॉयलरवाला
अजिबात नाही. तो पुढच्या ओढ्यात ओतेल किंवा वीटभट्टीवर जाळेल, आणि ड्रमवर नाव तुमचं. टाकीचा गाळ नियमाने धोकादायक कचऱ्यात मोडतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाने परवानगी दिलेल्या उचलणाऱ्यालाच द्या आणि त्याच्याकडून पावती घेऊन फाइलला लावा. तोवर ड्रम सिमेंटच्या कोब्यावर ठेवा, मातीवर नको. आणि बॉयलरवाल्याला पुढच्या वेळी "का नको" विचाराल तेव्हा दोन मिनिटं जास्त द्या. आम्हाला माहीत असतं, बोलता येत नाही पटकन.