शब्दचर्चा : गाडी ‘ऑप्टिमाइज’ करणे म्हणजे मराठीत काय करणे?

विचारणा (बेळगाव, उद्यमबाग)
मराठी माध्यमाच्या एका शाळेत दहावीच्या मुलांना माझं काम समजावून सांगायचं आहे. गाडी प्रत्यक्ष आपटण्याआधी ती कॉम्प्युटरवर आपटून बघायची आणि कुठला पत्रा किती जाड ठेवायचा हे ठरवायचं, असं ते काम. अडलोय तीन शब्दांवर : सिम्युलेशन, क्रंपल झोन (टकरीत मुद्दाम चेपू दिलेला गाडीचा भाग), ऑप्टिमायझेशन. सदृशीकरण आणि इष्टतमीकरण हे पुस्तकी शब्द माहीत आहेत, पण ते ऐकून मुलं वही मिटतील.

उत्तर (मच्छे)
सिम्युलेशन आहे तसंच ठेवा की. आमच्याकडे फाउंड्रीत साच्यात धातू कसा गोठतो, पोकळी कुठं राहते, हे ओतण्याआधी कॉम्प्युटरवर बघतात. मोल्डिंगवरचा माणूससुद्धा विचारतो, “सिम्युलेशन लावून बघितलासा काय?” शब्द रुळलाय. फक्त ‘आभासी चाचणी’ म्हणू नका. आभास म्हणजे नसलेलं दिसणं, आणि इथं तर सगळं गणित खरं असतं. पत्र्याचे काही मिलिमीटरचे लाखो चौकोन पाडतात, त्याला आम्ही जाळी म्हणतो. धक्का पत्र्यातून ध्वनीच्या वेगानं पसरतो. पोलादातून ध्वनी सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर जातो, म्हणजे ५ मिलिमीटरचा चौकोन एका मायक्रोसेकंदात ओलांडतो. गणिताचं पाऊल, म्हणजे एका हिशेबापासून पुढच्या हिशेबापर्यंतचा वेळ, त्याहून मोठं टाकलं की उत्तर भरकटतं. टक्कर सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपते, पण हिशेबाला लाखभर पावलं लागतात. मराठी शब्द हवाच असेल तर ‘गणिती चाचणी’ म्हणा.

उत्तर (खानापूर)
सर, क्रंपल झोनचा शब्द नीट निवडा, कारण चुकीची समजूत तिथंच आहे. हायवेला नाक चेपलेली गाडी उभी दिसली की बसमधले सगळे म्हणतात, “पत्रा बघ, निव्वळ कागद.” आतली माणसं चालत बाहेर आली, हे कुणी बघत नाही. न चेपणारी गाडी मजबूत, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. बेला बारेनी या अभियंत्याने याच्या उलट मांडलं : मधली खोली ताठ ठेवा, पुढचा-मागचा भाग दबू द्या. १९५९च्या मर्सिडीजमध्ये ते उतरलं.

मुलांना आकडा द्या. भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या चाचणीत, समोरची टक्कर ताशी ६४ किलोमीटर वेगाने घेतात. हा वेग म्हणजे १६ मीटरवरून खाली पडणं, चार-पाच मजले. थांबायला ६० सेंटीमीटर मिळाले तर सरासरी धक्का वजनाच्या २७ पट बसतो, १० सेंटीमीटरच मिळाले तर १६० पट. सगळा खेळ त्या ५० सेंटीमीटरचा आहे.

आता शब्द. ‘चुरगळणे’ मला पटत नाही. कागदाचा बोळा चुरगळतो, कसाही. गॅरेजवाले ज्याला लाँग मेंबर म्हणतात, ती पुढची दांडी मात्र पेटीच्या भात्यासारखी एकावर एक घड्या घेत बसावी लागते. त्यासाठी तिच्यात मुद्दाम खाचा ठेवतात. कागदावर आधी नख फिरवलं की घडी तिथंच पडते, तसं. म्हणून ‘दुमडपट्टा’ म्हणा. दुमडण्यात शिस्त आहे.

उत्तर (निपाणी)
‘दुमडपट्टा’ आवडला. ऑप्टिमाइजसाठी मी ‘बेतणे’ सुचवते. आई शिलाई करायची. दोन मीटर कापड आणून बाई म्हणायची, “यात ब्लाऊज आणि लेकीचा फ्रॉक, दोन्ही बसव.” आई खडू हातात घेऊन कापडाकडे बघत बसायची. मी विचारायची, “काय बघूलालीस?” “बेतूलालोय,” एवढंच. बाही वाढवली की घेर कमी, हे ती कात्री लावण्याआधी मनात फिरवून बघायची. तुमचंही तेच ना दादा? पत्रा जाड केला तर वजन आणि खर्च वाढतो, दांडी दुमडत नाही. पातळ केला तर घड्या लवकर संपतात आणि इंजिन पायांवर येतं. ‘सर्वोत्तम करणे’ चूक, कारण कुठलीच एक गोष्ट सर्वोत्तम होत नसते.

उत्तर (खानापूर)
ताई, ‘जिवावर बेतणे’चं काय? अपघाताच्या विषयात तोच अर्थ आधी आठवेल. ‘परिस्थिती बेताची’ म्हणजे तर हलाखीची.

उत्तर (निपाणी)
खरंय, पण तिथं बेततं ते आपोआप, इथं बेतणारा माणूस आहे. ‘जिवावर बेतलं’ आणि ‘पत्रा बेतला’ यांत घोटाळा होत नाही. कर्म सोबत ठेवा : ‘जाडी बेतणे’, ‘दांडी बेतणे’. नुसतं ‘बेतणे’ सोडू नका.

मूळ विचारणारा
फळ्यावर असं लिहीन : ‘माणसाच्या जिवावर बेतू नये म्हणून दुमडपट्ट्याची जाडी आधी सिम्युलेशनवर बेततात.’ दोन्ही अर्थ एकाच वाक्यात आले, मुलांना फरक तिथंच कळेल. नामाचं मात्र अडलंय. ‘बेतणी’ चालेल?

उत्तर (मच्छे)
नाम कशाला पाहिजे? ‘करण’ जोडून नामं केली तिथंच तर शब्द जड झाले. क्रियापदच ठेवा.