मदत हवी आहे: वाड्याची दुरुस्ती सुरू होतेय, भिंती उघडल्यावर काय काय नोंदवून ठेवायचं?

वाईजवळच्या गावात आमचा दुचौकी (दोन चौकांचा) वाडा आहे, माळवद (मातीचं सपाट छप्पर) गळतंय आणि मागच्या चौकातल्या तुळयांना वाळवी लागलीये म्हणून बाबा आणि काकांनी एकदाची दुरुस्ती काढली. संरक्षित स्मारक वगैरे नाही, आपली खाजगी मालमत्ता.

माजघराचा गिलावा सुटला तर वर सिमेंट, त्याखाली चुना आणि त्याच्याही खाली काव (तांबडी माती) मारलेला गुळगुळीत थर निघाला, शिवाय एक बुजवलेलं दार दिसतंय ज्याबद्दल आजीलाही काही माहीत नाही. भिंतीत मधेच वीट बदलते, खाली पातळ, वर जाडजूड. न्हाणीपासून ड्रेनेजचा चर खणायला घेतलाय तिथे राख आणि निळ्या नक्षीच्या चिनीमातीचे तुकडे आले. ठेकेदार म्हणतो साहेब कशाला वेळ घालवता, एकदा प्लास्टर मारलं की सगळं सारखं.

मावसभाऊ इंग्लंडमध्ये असतो, त्याच्याकडे जुनी हवेली दुरुस्त करायची तर बऱ्याचदा परवानगीतच अट असते की काम चालू असताना पुरातत्त्ववाल्याने उभं राहून नोंद करायची. हिस्टॉरिक इंग्लंड या तिथल्या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेने त्या नोंदीच्या चार पातळ्याच ठरवल्यात, नुसत्या वरवरच्या पाहणीपासून ते पूर्ण अभ्यासापर्यंत. आम्हाला तेवढं परवडणार नाही. घरच्या माणसांनी मोबाईल आणि टेप घेऊन काय करावं, आणि काही सापडलं तर कायद्याने काय करायचं असतं, कोणी सांगेल का?

जुनीवीट: आधी चर थांबवा एक दिवस. चराच्या उभ्या कडा खुरप्याने साफ करा, पट्टी ठेवून फोटो काढा, थर कितीकिती खोलीवर बदलतो ते लिहा, मग खुशाल पाईप टाका. खापऱ्या ज्या थरातल्या त्या वेगळ्या पिशवीत, पिशवीवर जागा आणि खोली. सगळ्या एका घमेल्यात गोळा केल्यात तर नंतर त्या नुसत्या खापऱ्या.

जागा सांगायला वेगळा ग्रिड आखू नका, वाड्यात खण (दोन खांबांमधली जागा) हाच तयार ग्रिड आहे. "मागचा चौक, पूर्व सोपा (म्हणजे पडवी), तिसरा खण" एवढं लिहिलं की पन्नास वर्षांनीही कळतं. विटेची लांबी, रुंदी, जाडी मोजा. वीट बदलते तिथे सरळ उभी फट आहे का बघा, दोन्हीकडच्या विटा एकमेकीत गुंतल्या नसतील तर एक बाजू नंतर बांधलीये. आणि काव सगळी खरवडू नका!! हातभर चौकोन तसाच उघडा ठेवा, तिन्ही थर दिसतील असा.

कौलारू: कौलं मंगलोरी असतील तर छपराचा तो भाग १८६५ नंतरचा धरा, बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा मंगळूरचा कौलांचा कारखाना त्या साली निघाला. लोखंडी गर्डर असतील तर त्यावर कंपनीचं नाव उठवलेलं असतं, रंग मारण्याआधी फोटो. पण एका भागावरून अख्ख्या वाड्याचं वय काढू नका, पुण्याचा विश्रामबागवाडा १८०७ चा, पण १८७९ च्या आगीनंतर दर्शनी भाग परत उभारलाय.

कागदीघोडा: कायद्याचं बोलतो. जमिनीत पुरलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी (पुरलेलं धन) कायद्यानुसार कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. रक्कम हास्यास्पद आहे पण कायदा तोच. शंभर वर्षांवरच्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरची हस्तलिखितं १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यात येतात, मावसभावाला आठवण म्हणून इंग्लंडला देऊ नका. कोनाड्यात मोडी कागद निघाले तर उन्हात वाळवू नका, लॅमिनेट तर मुळीच नको, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन विचारा.

धागाकर्ता: खूप आभार सगळ्यांचे, चर थांबवलाय, ठेकेदार तोंड फुगवून बसलाय. अजून एक, परवा सुतार तुळया उतरवणार, खांबांना नि तुळयांना नंबर खडूने घालू का ऑइलपेंटने?

जुनीवीट: खडू पहिल्या पावसात जातो आणि पेंट कायमचा बसतो. पत्र्याचे छोटे बिल्ले करा, नंबर ठोका आणि जी बाजू जोडात लपणार तिथे बारीक खिळ्याने लावा. त्याआधी जोडाच्या तोंडाशी छिन्नीने केलेल्या जुन्या खुणा आहेत का बघा, सुतार जोडणीसाठी घालायचे. असतील तर तेच नंबर वहीत उतरवा, आणि नवीन घातलेल्या लाकडावर यंदाचं साल कोरायला सांगा सुताराला.