भंगारातल्या आरजीएवर लिथियमचे समस्थानिक दिसतील का?

मांडवीचा उंदीर :
मकरपुऱ्याच्या भंगारातून जुना आरजीए हाती लागलाय, वस्तुमान १ ते १००. (आरजीए म्हणजे निर्वातात उरलेला वायू ओळखणारा छोटा क्वाड्रुपोल, म्हणजे आयन वस्तुमानानुसार निवडणारं यंत्र.) तो फक्त वायूच पाहतो म्हणतात. मला पटत नाही. इलेक्ट्रॉनचा मारा बंद करायचा आणि तारेवर लिथियम क्लोराइडचा थेंब वाळवून तार तापवायची. लिथियमचं आयनन ५.३९ इलेक्ट्रॉन-व्होल्टला होतं, नायट्रोजनला १५.६ लागतात. म्हणजे हवा गप्प, लिथियमचे दोन समस्थानिक, वस्तुमान ६ आणि ७, बोलणार.
कशासाठी? निसर्गात लिथियम-६ साडेसात टक्के. पण हायड्रोजन बॉम्बसाठी तो काढून घेतलेला उरलासुरला माल रसायनांच्या बाजारात आला, काहींत तो २ टक्क्यांवर उतरलाय. आपल्या बाटलीत काय आहे ते बघायचंय.

गळका वॉल्व्ह :
कल्पना झकास, तार चुकीची. आरजीएची तार बहुधा इरिडियमवर थोरिया नाहीतर इट्रिया चढवलेली असते, इलेक्ट्रॉन सहज सुटावेत म्हणून. धन आयनांना नेमकं उलटं हवं, अणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेणारी तार. टंगस्टन लावा, रेनियम मिळालं तर सोनंच. शिवाय ही तार पिंजऱ्याच्या (जिथे आयन तयार होतात त्या जाळीच्या) मानाने ऋण असते, तुम्हाला धन करावी लागेल. कंट्रोलर ते करू देणार नाही, वेगळा सप्लाय जोडा.

सरळसोट :
एवढा खटाटोप कशाला? निर्वात करणाऱ्या टर्बो पंपाचं बेअरिंग गेलं की स्वस्ताई संपली. लॅबला नमुना द्या, फी भरा, मोकळे व्हा. आणि तापलेल्या तारेवरून हलका ६ आधी उडतो, गुणोत्तर मिनिटामिनिटाला सरकणार.

मांडवीचा उंदीर :
सरकू दे. ७.५ की २, एवढंच बघायचंय, तिसरा दशांश कुणाला हवाय? दोन बाटल्या, सारखाच थेंब, सारखीच तापवणूक.

सरळसोट :
दोन्ही बाटल्या सारख्याच कंगाल निघाल्या तर?

मांडवीचा उंदीर :
हं. हे सुचलं नव्हतं.

गळका वॉल्व्ह :
तुलनेला स्पॉड्युमिनचा, म्हणजे लिथियमच्या खनिजाचा, खडा मिळवा. खाणीतून आलेला, बॉम्बवाल्यांचा हात न लागलेला. पूड तारेवर लावून तापवली तरी लिथियम सुटतं. पण आधी पोटॅशियम बघा, ३९ आणि ४१, साधारण १४ ला १. बोटांचा घामही पुरतो. तेही दिसलं नाही तर दोष जोडणीत.

मांडवीचा उंदीर :
टंगस्टनसाठी जुन्या १०० वॉटच्या बल्बची तार चालेल?

गळका वॉल्व्ह :
चालेल. गुंडाळी सरळ करायला जाऊ नका, मोडते.